बंद पेटीतला दोष

यंदा फाल्गुन लवकर तापला. वाकडच्या या अकराव्या मजल्यावर मातीचा वास येत नाही, पण ऊन येतं. परवा दुपारी गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर हात टेकला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. चटका तसा किरकोळच. पण संध्याकाळपर्यंत मी पुन्हा त्या कठड्याजवळ गेलो नाही.

आत माझी नात मृणाल लॅपटॉपसमोर बसली होती. चार दिवसांपासून तिचा चेहरा उतरलेला आहे. ती दवाखान्यातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर करते. रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारं यंत्र असतं, त्याचं. त्यातला एक दोष तिच्या मागे लागलाय. यंत्र कधीमधी न सांगता औषधाचा वेग बदलतं. अजून ते कुणा माणसाला लावलेलं नाही, एवढंच नशीब.

"आजोबा, मी बघत बसले की तो शहाण्यासारखा वागतो," ती म्हणाली. "दोष कुठे आहे ते कळावं म्हणून मी आत तपासणीच्या चार ओळी घालते, तर त्या घातल्या की तो येतच नाही. काढल्या की येतो. वेड लागायची पाळी आलीय."

तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला यातलं काय कळणार. सॉफ्टवेअर मला कळत नाहीच. पण बघायला गेलं की लपणारा दोष काय असतो, ते मला ठाऊक आहे. तो कसा जवळ येऊन उभा राहतो, हे तर फारच चांगलं ठाऊक आहे.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी साताऱ्याकडून आलेला, वायरमनचं शिक्षण घेतलेला, नुकतं लग्न झालेला. पिंपरीत तेव्हा कारखाने मोजके होते आणि मधे मधे शेतं होती. मुंबई रस्त्यावरून एखादी मोटार गेली की धुळीचा पडदा बराच वेळ हवेत लोंबकळायचा. आमचा रबराचा कारखाना शिवारातच उभा होता. एका अंगाला पत्र्याची शेड, दुसऱ्या अंगाला ज्वारीची खळी. फाल्गुन लागला की तिकडे उफणणी चालायची. वाऱ्यावर सोडलेलं भुसकट आमच्या शेडच्या झरोक्यांतून आत यायचं आणि गंधक-रबराच्या उग्र वासात ज्वारीचा गोडसर वास मिसळायचा. आजही गॅरेजवरून जाताना टायरचा वास आला की मला मागोमाग भाकरीचा वास आल्यासारखं वाटतं.

शेडच्या मधोमध 'ढोल' होता. आम्हीच ठेवलेलं नाव. माणूस वाकून चालू शकेल एवढा लोखंडी आडवा पिंप, एका तोंडाला जाड दार. रबरी नळ्या गाडीवर रचायच्या, रुळांवरून गाडी आत ढकलायची, एका माणसानं आत जाऊन तिला पाचर मारायची, बाहेर यायचं, दार लावायचं. मग आत बॉयलरची वाफ सोडली की रबर पक्कं होतं. वाफ केव्हा सोडायची, किती वेळ ठेवायची, केव्हा बाहेर काढायची, हे ठरवायला भिंतीला कपाटाएवढी लोखंडी पेटी होती. ती परदेशातून आलेली. तिच्यात विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारे रिले ओळीनं बसवलेले. एक रिले लागला की तो दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. ढोलाचं दार उघडं असेल तर कुणीही काही केलं तरी वाफ येणार नाही, अशी ती साखळी होती. त्या साखळीच्या भरवशावर माणूस आत जायचा.

आत जाणारा माणूस म्हणजे धोंडिबा. चिखलीचा शेतकरी, चाळिशी ओलांडलेला, अंगानं काटक. सकाळी मोटेवर आणि दुपारी कारखान्यात. मला तो 'भाऊ' म्हणायचा, मी त्याच्याहून खूप लहान असूनही. त्याचं हसणं आधी डोळ्यांत यायचं, मग ओठांवर.

त्या दुपारी तो पाचर मारून बाहेर आला, दाराकडे वळला, डाव्या हातानं दार ओढायला लागला आणि उघड्या तोंडातून पांढरा लोट बाहेर आला. वाफेला आवाज असतो, पण त्या क्षणी तो ऐकू आल्याचं मला आठवत नाही. मला आठवतो तो धोंडिबाचा हात. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आधी पांढरी पडली, मग लाल झाली. मी पेटीकडे धावलो, तिचं दार उघडलं, आत सगळे रिले जागच्या जागी गप्प. वाफ थांबलेली. जणू काही झालंच नव्हतं.

धोंडिबा क्षणभर आधी आत होता. सगळ्यांच्या मनात तेवढंच होतं.

आधी संशय माणसांवर गेला. कुणीतरी बटण दाबलं असणार. मॅनेजरांनी मला विचारलं, धोंडिबाच्या जोडीदाराला विचारलं, दोघांनाही असं विचारलं की उत्तर देताना आपणच गुन्हेगार वाटावं. मग संशय देवावर गेला. ढोल बसवताना पाया खणला तिथे शेताच्या बांधावरचा म्हसोबा होता, त्याला हलवलं म्हणून हे झालं, असं गावची माणसं म्हणू लागली. शेडच्या मागे शेंदूर लावलेला एक दगड आणून ठेवला गेला.

आमचे इंजिनिअर देवधर साहेब पुण्याचे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, बोलणं हळू. मला वाटलं ते हसतील किंवा चिडतील. ते गेले, चप्पल काढून त्या दगडासमोर नारळ फोडला, धोंडिबाच्या चांगल्या हातात खोबरं दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चला शिंदे, आता वायरी बघू."

पहिलं काम त्यांनी हे केलं, की वाफेच्या मुख्य नळीवर हातानं फिरवायचं एक मोठं चाक होतं, ते बंद केल्याशिवाय कुणीही ढोलात पाय ठेवायचा नाही, असा हुकूम काढला. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून त्या दुपारची हकिगत ऐकली. मी सुरुवातच केली, "साहेब, मला वाटतं रिले चिकटला असेल..."

त्यांनी हात वर केला. "काय दिसलं ते आधी सांगा. काय वाटलं ते नंतर."

हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं. कारखान्यात, घरात, मुलाच्या आजारपणात. फार अवघड आहे ते. माणसाला दिसतं थोडं आणि वाटतं खूप, आणि भ्यालेल्या माणसाला तर जे वाटतं तेच दिसायला लागतं.

आम्ही पेटी उघडून दिवसचे दिवस समोर बसलो. ढोल रिकामा, चाक बंद, आणि पेटीला खोटे खोटे फेरे घालायला लावायचे. दर फेऱ्याला रिले टकाटक वाजत, दिवे लागत-विझत, सगळं बिनचूक. दोष येईना. दोष येत नाही याचा आनंद व्हायला हवा होता. पण प्रत्येक बिनचूक फेऱ्यागणिक माझी भीती वाढत होती. साप दिसला तर माणूस काठी तरी उचलतो. घरात साप आहे, एवढंच माहीत असेल तर माणूस पाय कुठे ठेवणार?

घरी बायकोला, कुसुमला, मी काही सांगितलं नव्हतं. चिंचवडगावात आमची एक खोली होती. ती माझे कपडे धुताना म्हणायची, "हा वास जातच नाही बघा." मी ताटावर बसलो की घास हातात राहायचा. स्वयंपाकाच्या भांड्यावरचं झाकण वाफेनं थरथरलं तरी माझी मान तिकडे वळायची. शेवटी एकदा तिनंच भांडं खाली उतरवलं आणि विचारलं, "कुणाला लागलंय का तिथं?" मी हो म्हटलं. "तुम्हाला लागेल का?" लागणार होतं ते मला नाही, हेच तर मला खात होतं. पेटीची निगा माझ्याकडे होती आणि ढोलात जाणारा दुसराच कुणी होता.

मग रिलेंमध्ये भुसकट सापडलं. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. ज्वारीचं बारीक कूस रिलेच्या टोकांवर बसलेलं स्पष्ट दिसत होतं. यापेक्षा सरळ कारण काय हवं? मॅनेजरांच्या घाईखातर आम्ही सगळे रिले साफ केले, काही नवे बसवले, सगळे स्क्रू आवळले, झरोक्यांना जाळ्या लावल्या. पेटी बंद केली. दोष गेला. आभाळही त्या आठवड्यात भरून आलं होतं, हवा नरमली होती, आणि शेडमध्ये कितीतरी दिवसांनी कुणीतरी शीळ घातली.

एकट्या देवधर साहेबांना ते पटलं नव्हतं. मला म्हणाले, "शिंदे, रोग्याला आपण एकदम चार औषधं दिली. तो उठून बसला. कोणत्या औषधानं, ते सांगता येईल? एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती. आणि खरं सांगू? भुसकटानं फार तर रिले लागणार नाही. पण नको तेव्हा लागेल कसा? ते मला अजून समजलेलं नाही."

मॅनेजरांना ते समजायची गरज वाटली नाही. चाक फिरवायला वेळ जातो, माल कमी निघतो, म्हणून त्यांनी तो हुकूम उठवला. देवधर साहेबांनी विरोध केला, तो चालला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी ढोलात जायच्या वेळी साहेब स्वतः शेडमध्ये आले, चाक बंद केलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभे राहिले. हाताला पट्टी बांधून कामावर आलेला धोंडिबा बाहेर पडल्यावर चाक उघडलं आणि निघून गेले. पुढच्या गाडीला पुन्हा आले. असं रोज. माणसं आडून हसायची, साहेबाला चाकाची नोकरी लागली म्हणायची. मी हसलो नाही. त्यांच्या गळ्यापाशी घामानं चिकटलेला शर्ट मी जवळून पाहत होतो. हा माणूस भ्यालेला आहे, हे मला कळत होतं, आणि तो आपली भीती लपवत नाही, याचा मला फार आधार वाटत होता.

आभाळ निवळलं, चैत्राचं ऊन पडलं. शेडचे पत्रे दुपारी तडतडू लागले. एके दिवशी साहेबांना कामासाठी पुण्याला जावं लागलं. जाताना मला म्हणाले, "चाकावर तुम्ही उभे राहा. आणि एक लक्षात ठेवा. दोष आलाच तर माणूस बाहेर काढा, पण पेटीला हात लावू नका. मेन बंद करू नका, दार उघडू नका. आहे तसा ठेवा. तो जिवंत सापडायला हवा."

त्याच दुपारी तो आला.

धोंडिबा आत होता. पाचरीवर हातोडा पडल्याचा आवाज येत होता. मी बंद चाक धरून उभा. आणि माझ्या डोक्यावर, नळीवरच्या विजेच्या व्हॉल्व्हमध्ये, 'टक्' असं वाजलं. एवढंच. पेटीवरचा तांबडा दिवा लागला. वाफ सुरू आहे, असा त्याचा अर्थ. चाकापुढच्या नळीत जी काही वाफ उरली होती तिनं ढोलात एक लांब उसासा सोडला.

हातोडा थांबला. मग आतून ओरडणं आलं, शब्द नसलेलं. धोंडिबा रांगत, गुडघे रुळांवर आपटत बाहेर आला आणि जमिनीवर पडला. त्याच्या अंगाला नुसता गरम वारा लागला होता. कातडीला काही झालं नव्हतं. पण तो पडून राहिला, डोळे उघडे, आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "ग्येलो व्हतो म्या. ग्येलो व्हतो." माझे हात चाकावरून सुटेनात. धोंडिबाच्या जोडीदारानं बोटं एकेक करून सोडवली.

माणसं धावली. मॅनेजर आले. "मेन बंद कर! पेटी उघड!"

मी पेटीला पाठ लावून उभा राहिलो. "साहेब, उघडली की दोष जातो. देवधर साहेबांनी तसाच ठेवायला सांगितलंय. चाक बंद आहे, आत कुणी नाही."

"कारखाना देवधर चालवतात का? बाजूला हो. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

कुसुमला दिवस गेले होते. मी बाजूला झालो असतो की नाही, मला माहीत नाही, आणि ते कळायची वेळ आली नाही. कारण धोंडिबा उठला, भिंतीला धरत धरत आला आणि माझ्या शेजारी पेटीला पाठ लावून उभा राहिला.

"सायेब," तो म्हणाला, "आत मी व्हतो. तुमी न्हवता. आता त्ये घावलंय, तर जाऊ देऊ नका. पुन्ना लपलं तर मला पुन्ना आत जावं लागंल."

मॅनेजर वळले आणि ऑफिसकडे गेले.

आता भीती उलटी झाली. इतके दिवस तो येईल म्हणून भीत होतो, आता तो जाईल म्हणून. उन्हं कलायला लागली होती. ऊन उतरलं की दोष जातो, असा मला अंदाज येऊ लागला होता. आम्ही पेटीवर गोणपाटं टाकली, झरोके बंद केले, म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजू नये म्हणून झाकावं तसं त्या पेटीला झाकलं. तांबडा दिवा गोणपाटाच्या फटीतून दिसत होता. एकजण स्टेशनच्या वाटेवर साहेबांना बघायला गेला. मी त्या दिव्यावरून नजर काढली नाही.

परवा मृणालला हे सांगताना ती मला इथे थांबवून म्हणाली, "आजोबा, आम्हीही हेच करतो. चुकलेल्या अवस्थेत सगळं गोठवून ठेवायचं आणि मग बघायचं." गोठवायचं. आम्ही ऊब देत होतो. पण जीव तसाच टांगलेला असणार. पडद्यावर कुठे वाफ दिसत नाही आणि कुणाचा हात भाजलेला दिसत नाही, एवढाच फरक. तिच्या दोषाच्या दुसऱ्या टोकालाही उद्या कुणीतरी पडलेलं असणारच, खाटेवर, हातात सुई टोचलेली. तिला ते कळतं, म्हणून तर ती जेवत नाही. तिचा दोष अजून सापडलेला नाही.

साहेब आले ते स्टेशनवरून जवळजवळ धावतच. पेटीचं दार त्यांनी उघडलं नाही. मागचा छोटा पत्रा काढून घेतला. रिलेंकडून व्हॉल्व्हकडे जाणारी वायर मोकळी केली. आता व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. झाला नाही. तांबडा दिवा तसाच.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे रिले सगळे निर्दोष. अर्धी पेटी सुटली. वीज दुसऱ्याच वाटेनं येतेय." मग स्वतःशीच बोलावं तसे माझ्याशी बोलू लागले. "शिंदे, आपण दार उघडलं की दोष जातो. दर वेळी. मी समजत होतो, तो आपल्याला चुकवतो. पण दार उघडताना आपण काय हलवतो?"

"दार," मी म्हणालो.

"आणि दारावर काय आहे?"

दारावर दिवे होते. बटणं होती. त्यांच्या वायरींचा जुडगा बिजागरीपाशी वळून आत जात होता.

साहेबांनी एक बोट दाराच्या कडेला लावलं आणि किंचित ओढलं. टक्. दिवा विझला. बोटानं दाबलं. टक्. दिवा लागला. ओढलं, दाबलं. पेटी उघडली तेव्हा दिसलं: दार लावलं की जुडगा बिजागरीत चेपत होता, उन्हानं वायरींवरचं रबर मऊ पडून फाटलं होतं, आणि आत दोन उघड्या तारा एकमेकींना टेकत होत्या. त्यातली एक सदा वीज असलेली. दुसरी त्या तांबड्या दिव्याची, जी पुढे थेट व्हॉल्व्हला जोडलेली. ढोलाच्या दाराची, बटणाची, रिलेंची सगळी साखळी वगळून वीज दिव्याच्या वायरीतून उलटी व्हॉल्व्हपर्यंत पोचत होती. वाफ आली आहे हे सांगायला ठेवलेला दिवाच वाफ आणत होता.

इतके दिवस आम्ही दोष बघायला दार उघडत होतो, आणि दार उघडणं हेच त्याचं औषध होतं.

वायरी बदलायला फार वेळ लागला नाही. कुणीतरी पेढे आणले. साहेबांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "हा सापडला," ते मला हळूच म्हणाले. "पण ही पेटी बनवणाऱ्याला हाही ठाऊक नव्हता. आणखी एखादा नसेल कशावरून?" दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून एक पितळी कुलूप आणलं. चाक बंद करून त्याला साखळीनं कुलूप घालायचं, आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात राहायची. दुसऱ्या कुणाच्याही नाही. या वेळी मॅनेजरांनी वेळेचं नाव काढलं नाही.

तरी धोंडिबाचा पाय उचलेना. किल्ली बंडीच्या खिशात टाकून तो ढोलाच्या तोंडाशी उभा राहिला, आत बघत. कपाळावर घाम. कुणी घाई केली नाही. देवधर साहेब त्याच्या शेजारी वाकले.

"धोंडिबा, आत बोलत राहा. म्हणजे आम्हाला कळेल."

"काय बोलू?"

"काहीही. बैलांचं सांगा."

तो आत गेला. मग लोखंडात घुमून मोठा झालेला त्याचा आवाज आला. तांबडा बैल पाण्याला कसा अडतो, विहिरीला यंदा पाणी कसं खाली गेलंय, थोरलीला आळंदीकडचं स्थळ आलंय पण पोरगा लई बारीक हाय. पाचर मारताना आवाज थांबायचा. साहेब लगेच हाक मारायचे, "धोंडिबा?"

"हाय, हाय."

तो बाहेर आला, स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, आणि शेडबाहेर सावलीत जाऊन बसला. साहेब त्याच्याजवळ गेले, मीही गेलो. कपाळ पुसून त्यानं वर पाहिलं.

"सायेब, उद्या बी हाक माराल न्हवं?"

"मारीन."

आणि त्यांनी ती मारली. त्यांची बदली होऊन ते मुंबईला जाईपर्यंत, प्रत्येक गाडीला. ते गेल्यावर ती हाक माझ्याकडे आली.